वायसरची सीट

चिंचवडच्या हमरस्त्यावर नूरमोहम्मद डेंटर बहिरा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नसल्यासारखं वागणारा माणूस एकच, तो म्हणजे खुद्द नूरमोहम्मद. कुणी काही विचारलं की तो शहाण्यासारखी मान डोलवायचा आणि म्हणायचा, "संध्याकाळी घेऊन जा." चेपलेली गाडी घेऊन आलेल्या माणसाला बहुतेक तेवढंच विचारायचं असे, त्यामुळे निभावून जाई. एखाद्यानं प्यायला पाणी मागितलेलं असलं, तर मात्र तो बिचारा संध्याकाळपर्यंत कोरडाच.

कान गेले ते हातोडीपायी. बाप जुन्नरला भांड्यांना कलई करायचा, त्यामुळे धातूशी नातं जुनं. बासष्ट साली इकडं कारखान्यांच्या शेडी उठायला लागल्या, तसा नूरमोहम्मद कंपनीत लागायच्या आशेनं बायकोला घेऊन आला. गेटवरच्या माणसानं शाळेचा दाखला मागितला. दाखला नव्हता. मग त्यानं रस्त्याकडेच्या पडीक जागेत, कंपनीच्या मोडक्या खोक्यांच्या फळ्या ठोकून गॅरेज उभं केलं, मागच्या अंगाला राहायची खोली काढली, आणि लोकांची मडगार्डं, बॉनेटं, ट्रकची दारं ठोकून सरळ करायला बसला. दिवसभर पत्र्यावर हातोडी पडायची, आणि तो आवाज जाणार कुठं, कानातच जाणार. काही वर्षांनी अशी गत झाली की कानाला तोंड लावून ओरडलं तरच शब्द कळायचा. बायकोचे, नूरबीचे ओठ तेवढे त्याला वाचता यायचे. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे घरात ओठ हलवणारं दुसरं कुणी नव्हतंही.

बहिरेपणाचं एवढं काही नव्हतं. हातोडीच्या धंद्यात बहिरा माणूस उलट सुखीच. धोका होता तो अंगणात. ट्रक रस्त्यावरून वळून पाठमोरे गॅरेजात यायचे. क्लीनर मागे उभा राहून 'आने दो, आने दो' ओरडायचा, ड्रायव्हर त्याच्या आवाजाच्या भरवशावर गाडी मागे घ्यायचा, आणि नूरमोहम्मद त्याच अंगणात रस्त्याकडे पाठ करून उकिडवा बसलेला असायचा. एकदा एका ट्रकचं मागचं फळकं खांद्याला लागलं आणि तो समोरच्या ऐरणीवर तोंडघशी पडला. पुढचा दात गेला. नूरबी रडली आणि धंदा बंद करा म्हणाली. बंद करून खायचं काय, ते तिलाही सांगता आलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात कडबा घेऊन चाललेला एक ट्रक गॅरेजात आला आणि त्यातून एक मरतुकडं पिल्लू उतरलं. कुत्री होती. अंग मातकट, आणि डाव्या डोळ्याभोवती पांढरं कडं. नूरमोहम्मदनं तिचं नाव वायसर ठेवलं, कारण नटाखाली बसवायच्या वायसरसारखं ते कडं होतं, आणि त्याला दुसरं काही सुचणार तरी कुठून.

नूरबीला हे पसंत नव्हतं. ती पाच वेळची नमाजी बाई. "घरात कुत्रं असलं की फरिश्ते येत नाहीत," ती म्हणाली.

"गॅरेजात ते तसेही येत नव्हते," नूरमोहम्मद म्हणाला.

अखेर तोड निघाली. कुत्री अंगणात राहील, खोलीचा उंबरा ओलांडणार नाही, आणि नूरबी तिला हात लावणार नाही. शिळी भाकरी ती लांबूनच भिरकावायची आणि कुत्री जवळ आली की पदर सावरून मागं सरायची. वायसरनंही तो करार पाळला. माणसांनी पाळला नसता इतका नीट पाळला.

तिला हे कुणी शिकवलं नव्हतं, पण वर्षाच्या आत कुत्रीला मालकाचं मर्म कळलं. ट्रक मागे यायला लागला की ती उठायची आणि नूरमोहम्मदच्या पायजम्याचं टोक दातात धरून ओढायची. तो बाजूला झाला की सोडायची आणि पुन्हा जागेवर. गिऱ्हाईक आलं तर नुसतं नाक लावायची. ओढणं म्हणजे ऊठ, नाक म्हणजे बघ. डाव्या पायाचं टोक तिच्या दातांनी चाळणी झालं होतं आणि नूरबी ते शिवता शिवता कुत्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. पण आता ती दुपारी डोळा लावून पडू शकायची. त्याआधी तिनं दुपारची झोप कधी घेतलीच नव्हती, सारखी दारात येऊन नवरा शाबूत आहे का बघायची.

नूरमोहम्मदचा जीव त्या कुत्रीत अडकला होता. तो बोलून दाखवणाऱ्यातला नव्हे. त्यानं काय केलं, तर एका मोडीत निघालेल्या ट्रकची ड्रायव्हर-सीट, चांगली जाडजूड, काथ्या भरलेली, उचलून फळ्यांच्या भिंतीलगत तिच्यासाठी मांडली. सगळ्या चिंचवडात असा बिछाना कुठल्या कुत्र्याला नव्हता. माणसांनाही फारसा नव्हता. वायसर त्यावर राणीसारखी पसरायची आणि तो तिच्याकडे बघत हातोडी चालवायचा.

गोचिडी दिसल्या त्या पुढल्या उन्हाळ्यात. आधी कानाच्या पाळीत एखाददुसरी, मग मानेखाली, मग पायाच्या बोटांच्या बेचक्यात. रक्त पिऊन टरारलेल्या, एरंडाच्या बीएवढ्या. नूरमोहम्मद रोज दुपारी तिला जवळ घेऊन एकेक तोडायचा. चिरडली तर रक्त उडणार, कपडे नापाक होणार, नमाजाआधी पुन्हा धुणं आलं. म्हणून तोडली की तो ती बोटानं टिचकी मारून मागं भिरकावून द्यायचा. मागं म्हणजे भिंतीकडे, सीट होती तिकडे. गेली ब्याद, असं त्याला वाटायचं.

पण ब्याद जाईना. आज अंग साफ करावं तर परवा पुन्हा तेच. शेजारी खंडूची चहाची टपरी होती. खंडू इथल्याच जुन्या घराण्यातला. जमीन कंपनीखाली गेलेली, तरी त्यानं बैलजोडी ठेवली होती, त्यामुळे जनावराच्या दुखण्यावर आपला शब्द अखेरचा असं तो मानायचा. त्यानं आधी तंबाखूचं पाणी सांगितलं. मग रॉकेल. रॉकेलनं वायसरच्या पाठीची कातडी सोलून निघाली आणि ती बिचारी रात्रंदिवस विव्हळत होती. नूरमोहम्मदला ते ऐकू येत नव्हतं. नूरबीला येत होतं. तिनं भांड्यात खोबरेल तेल ओतलं, ते लांबूनच त्याच्याकडे सरकवलं आणि पाठ दाखवून खूण केली.

मग एके सकाळी वायसरनं भाकरी हुंगली आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. अंग तव्यासारखं तापलेलं, हिरड्या पांढऱ्याफटक, आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची. ट्रक आला तेव्हा ती उठली, नूरमोहम्मदपर्यंत आली, पायजमा तोंडात धरला, पण ओढायला ताकद नव्हती. टोक धरून ती तशीच खाली बसली. क्लीनरनं बघितलं म्हणून गाडी थांबली. नूरमोहम्मदनं मागं वळून आधी कुत्री बघितली, मग ट्रक.

खंडूनं हातगाडी काढली आणि दोघांनी तिला गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर बरा माणूस होता. कुत्र्याला कशाला आणलं असं म्हणाला नाही. डोळे बघितले, हिरड्या बघितल्या, कान उलटा करून एक गोचीड काढली आणि सांगितलं की हा गोचीड ताप आहे, ही जात रक्तात रोग सोडते. सुई दिली, अंगावर लावायची पावडर दिली, आणि मग पुढचं बराच वेळ खंडूला समजावून सांगितलं, कारण नूरमोहम्मदला सांगून उपयोग नव्हता. "ही गोचीड कुत्र्यावर जेवते," डॉक्टर म्हणाले, "पण राहते भिंतीच्या फटीत, बिछान्यात. अंडी तिथंच घालते. तिची जागा आधी साफ करा."

खंडूनं मान डोलवली. पण आजवर त्याच्या बैलांना गोचिडी लागल्या त्या गायरानातल्या गवतातून. गोचीड गवतात असते हे त्याच्या बापालाही ठाऊक होतं, आज्यालाही. भिंतीत गोचीड राहते हे त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. शहरातल्या डॉक्टरला गायरान काय माहीत, असं मनाशी म्हणत त्यानं ते बोलणं तिथंच सोडलं, आणि बाहेर येऊन नूरमोहम्मदच्या कानाला तोंड लावून आपलं शास्त्र सांगितलं.

"गवतात जाऊ देऊ नकोस हिला. गोचीड गवतात ऱ्हाती. बांधून घाल. कळलं का?"

नूरमोहम्मदला कळलं. पक्कं कळलं. त्यात खंडूचा हेतू वाईट नव्हता, आणि ते जास्तच वाईट. नूरमोहम्मदनं बाजारातून साखळी आणली आणि वायसरला भिंतीला बांधलं, तिच्या आवडत्या सीटवर.

सुईनं गुण आला. ती खायला लागली, शेपूट हलवायला लागली. पण साखळीमुळे तिला अंगणात पोचता येईना. एका दुपारी नूरमोहम्मद मडगार्ड ठोकत होता आणि त्याची नजर सहज वर गेली, तर वायसर दोन पायांवर उभी, गळा साखळीनं आवळलेला, जीभ बाहेर, डोळे वटारलेले. त्याला वाटलं कुत्रीला फास बसला. तो तिच्याकडे धावला आणि तो होता त्या जागेवरून अर्जुनराव ड्रायव्हर या जुन्या गिऱ्हाइकाच्या ट्रकचं चाक मडगार्ड चेपत गेलं. अर्जुनराव खाली उतरून त्याला शिव्या देत होते आणि मधेच त्याच्या गळ्यात पडत होते. नूरमोहम्मदनं त्या दिवशी साखळी सोडायला हात घातला, आणि गवताची आठवण होऊन मागं घेतला. सोडली तर ताप, बांधली तर ट्रक. त्यानं ट्रक पत्करला. आपलं काय व्हायचं ते होवो, कुत्री जगली पाहिजे, इतकंच त्याच्या डोक्यात होतं.

गोचिडी मात्र वाढतच होत्या. पावडर लावली की अंगावरच्या मरायच्या आणि रात्रीतून नव्या चढायच्या. तो वेड्यासारखा झाला. काम टाकून गोचिडी तोडत बसायचा. अंगणातलं गवत त्यानं विळ्यानं कापलं, मग खुरप्यानं खणून काढलं, मग उरलेल्या मुळांवर जळकं ऑइल ओतलं. रस्त्यापर्यंत हिरवं पान राहिलं नाही. तरी कुत्रीच्या कानात सकाळी पुन्हा द्राक्षाचे घोस. हे येतंय कुठून, हे तो खंडूला, अर्जुनरावांना, येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचा, आणि उत्तर ऐकू येत नसे.

पावसाळा सरता सरता वायसरच्या नाकातून रक्त आलं. पोटावर कातडीखाली लाल ठिपके उठले. खंडू त्या दिवशी बैल घेऊन चाकणच्या बाजाराला गेला होता. नूरमोहम्मद हातगाडीपाशी उभा राहिला, कुत्री उचलून ठेवली, आणि मग त्याला आठवलं की दवाखान्यात आपल्यासाठी ऐकणारं कुणी नाही. तो दाराकडे बघत राहिला. नूरबीनं चूल विझवली, चपला घातल्या आणि हातगाडीचा दांडा धरला.

दवाखान्यात डॉक्टरांनी कुत्रीला ओळखलं. त्यांनी हिरड्या दाबून बघितल्या आणि बराच वेळ हात तसाच ठेवला. "रक्तच उरलं नाही हिच्यात," ते म्हणाले. गोळ्या दिल्या, सुई दिली, पण चेहऱ्यावर आशा नव्हती. "जागा साफ केलीत ना? मागच्या वेळी सांगितलं होतं मी. भिंत, बिछाना. झोपते कशावर ही?"

नूरबीनं सांगितलं. सांगता सांगताच तिला सगळं कळत गेलं. घरी येईपर्यंत तिनं नवऱ्याला काही कळू दिलं नाही. अंगणात आल्यावर मात्र त्याच्या कानाला तोंड लावून ती म्हणाली, "अजी, सीट. गोचिडी गवतात नाहीत, सीटमधे आहेत."

नूरमोहम्मदनं पत्रा कापायची कात्री घेतली आणि सीटचं रेक्झीन उभं फाडलं. आतला काथ्या हलत होता. बोटानं बाजूला केला तर खाली तपकिरी अंड्यांचे लपके, राजगिरा सांडावा तसे, आणि त्यातून सुटलेली मोहरीएवढी पिल्लं फळीच्या फटींतून वर वर चढत होती. भिंतीची एक फळी त्यानं उचकटली, तिच्या मागंही तेच. ज्या गोचिडी त्यानं रोज टिचकी मारून उडवल्या होत्या, त्या इथं येऊन व्याल्या होत्या. आणि इथंच त्यानं कुत्रीला साखळीनं बांधून ठेवलं होतं, स्वतःच्या हातानं, तिच्या भल्यासाठी. तो खाली बसला आणि मोठ्यानं रडला. किती मोठ्यानं, ते त्याला कळत नव्हतं. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती.

मग तो उठला तो अंगात आल्यासारखा. सीट ओढून अंगणात नेली आणि पेटवली. एका ट्रकचं जुनं बॉनेट घेतलं, त्याच्या कडा वळवल्या, चार पाय लावले आणि गॅस पेटवून प्रत्येक सांधा वितळवून बंद करत सुटला. अशी खाट करायची की गोचिडीचं नख शिरायला फट उरणार नाही. कान नाहीत, पण हात होते, आणि त्या हातांनी आजवर केलेल्या कामात इतकं सफाईचं काम दुसरं नव्हतं. तेवढं आधी करता आलं असतं. हाच पत्रा, हाच गॅस, सगळं तिथंच पडलेलं होतं.

तो काम करत होता तोवर वायसर खोलीच्या उंबऱ्याबाहेर पोत्यावर पडलेली होती. तिला सावली हवी होती आणि उंबऱ्याच्या आत सावली होती. नूरबीनं थोडा वेळ बघितलं. मग वाकून तिनं कुत्रीला पोत्यासकट आत ओढलं. वाटीत रॉकेल घेतलं, मांडी घालून बसली आणि कुत्रीचं डोकं मांडीवर घेऊन एकेक गोचीड तोडून वाटीत टाकायला लागली. दुपारची अजान झाली, ती उठली नाही. "हे आधी," असं ती पुटपुटली. डॉक्टरची गोळी तिनं गुळात घालून कुत्रीच्या गालफडात सारली. वायसरनं ती गिळली नाही, पण नूरबीचं बोट चाटलं. कुत्रं चाटलेला हात कसा आणि किती वेळा धुवायचा हे नूरबीला पाठ होतं. तिनं तो तसाच राहू दिला.

पत्र्याची खाट तयार झाली तेव्हा ती अजून तापलेली होती. नूरमोहम्मदनं तिच्यावर पाणी मारलं, वाफ गेली, पुन्हा मारलं. हात लावून बघितला. आता निजवता येईल असं सांगायला तो दारात आला, आणि नूरबीनं ओठ हलवले नाहीत, नुसती मान हलवली.

अंगणाच्या कडेला, त्यानंच गवत खणून उजाड केलेल्या जागी, वायसरला पुरलं. खंडू दुसऱ्या दिवशी आला. नूरबीनं त्याला दवाखान्यातलं सगळं सांगितलं. तो खाली मान घालून ऐकत राहिला. "मला वाटलं, गवतात," एवढंच म्हणाला, आणि चहा न करताच दिवसभर टपरीत बसून राहिला. नूरमोहम्मद त्याला काही बोलला नाही. कुणाला बोलणार, साखळी तर त्यानं स्वतः आणली होती.

पोटासाठी हातोडी पुन्हा धरावी लागली. आधी त्यानं भिंतीचं काम काढलं. एकेक फळी काढायची, गॅसच्या ज्योतीनं फटी जाळायच्या, पुन्हा ठोकायची. अंगणात कुत्री नव्हती, तरी जाळायच्या. आता कुणासाठी, असं नूरबीनं विचारलं तर तो पुढची फळी उचकटायचा. एका सकाळी तो असाच रस्त्याकडे पाठ करून ज्योत फिरवत बसला होता, आणि पायजम्याचं डावं टोक कुणीतरी ओढलं.

हात आपोआप खाली गेला, डोकं असायचं तिथं. हाताला लुगड्याचा काठ लागला. नूरबी त्याच्या पायाशी वाकलेली होती, मुठीत ते दातांनी चाळणी झालेलं टोक घट्ट धरलेलं. तिनं दुसऱ्या हातानं मागं दाखवलं. ट्रक येत होता.

तो बाजूला झाला. ट्रक आत येऊन थांबला. नूरबीनं पदर डोक्यावर घेतला, इकडंतिकडं बघितलं आणि अंगणात पडून असलेली ती पत्र्याची खाट ओढत भिंतीशी आणली, सीट होती त्या जागी. नूरमोहम्मद घाईनं पुढं झाला.

"ती तिची आहे," तो म्हणाला. "मी दुसरं काही करून देतो तुला."

नूरबी त्याच्यासमोर उभी राहिली, ओठ नीट दिसतील अशी. "हीच बरी," ती म्हणाली. तांदळाचं सूप मांडीवर घेऊन ती खाटेवर बसली आणि रस्त्याकडे बघत खडे निवडायला लागली.